गुडघेदुखीसाठी आधी कोणाला दाखवावे?

प्रश्न (रावेर तालुका):
आईचे वय 62 आहे. केळीच्या बागेत वाकून काम केल्यावर तिचा उजवा गुडघा दुखतो आणि उठताना कटकट वाजतो. तालुक्यातील अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, की थेट सांधेबदल करणाऱ्या शल्यचिकित्सकांकडे न्यावे?

उत्तर (जळगाव):
आधी तालुक्यातच दाखवावे. मोडलेले हाड, लचक, कंबरदुखी, सांध्यांची झीज यांचे बहुतेक रुग्ण सर्वसाधारण अस्थिरोगतज्ज्ञच हाताळतात. एक्स-रे मात्र उभे राहूनच काढावा, कारण शरीराचा भार पडल्यावरच सांध्यातील फट किती कमी झाली आहे हे नीट कळते. झीज सुरुवातीची असेल, तर मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजनावर ताबा यांवर अनेकांचे बराच काळ निभावते.

उत्तर (धुळे):
सहमत. सकाळी बोटे तासाभराहून अधिक आखडत असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञच संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतील. सांधा लाल, गरम होऊन ताप आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आमच्या वडिलांनी मालिशीत चार दिवस घालवले, ते महागात पडले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आईची बोटे आखडत नाहीत. शनिवारी एक्स-रे काढून घेतो.