‘हॅम्लेट’ला वाडी म्हणायचं की पाडा?

नकाशाकार: ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून घडवायच्या खुल्या नकाशाचा ‘आयडी’ संपादक, म्हणजे नकाशात बदल करायचं साधन, त्याचा मराठी अनुवाद ट्रान्सिफेक्स या अनुवादाच्या संकेतस्थळावर चालू आहे. वस्तीचा प्रकार सांगणाऱ्या ‘प्लेस=हॅम्लेट’ या टॅगला मी ‘वाडी’ लिहिलं होतं. दुसऱ्या अनुवादकाने ते खोडून ‘पाडा’ केलं. कारण असं दिलं की डहाणू-घोलवडकडे वाडी म्हणजे चिकूची बाग. टॅगचा अर्थ गावाहून लहान, साधारण शे-दोनशे माणसांपर्यंतची वस्ती. शब्द एकच बसतो. कोणता ठेवू?

टंचाईआराखडा: वाडी. उन्हाळ्यातले टँकरचे सरकारी अहवाल पाहा, ‘इतकी गावे व इतक्या वाड्या’ असे दोनच रकाने असतात. जव्हार-मोखाड्यातले पाडेसुद्धा त्याच ‘वाड्या’त मोजतात. राज्यभर कागदावर रुळलेला शब्द हाच आहे.

रानवाट: कागदावर रुळला म्हणून तोंडी रुळला असं नाही. बंजारा वस्तीचा तांडा असतो, गोंदियाकडे टोला, सोलापूरकडे शेतातल्या घरांची वस्ती. गोव्यात वाडो. तांड्यावरच्या मुलीने फोनवर नकाशा उघडला आणि तिच्या घराच्या प्रकारापुढे ‘वाडी’ दिसलं, तर ती दुरुस्ती करायला बसेल का? आपला नकाशा नाही म्हणून बंद करेल.

शब्दमूळ: ‘वाडी’ संस्कृत वाटिकेवरून आली. म्हणजे कुंपण घातलेली जागा, बाग. म्हणून डहाणूचा अर्थच जुना आणि घरांचा अर्थ नंतरचा. ‘पाडा’ पाटकावरून, गावाचा भाग. बंगालीतला पाडा तोच. व्युत्पत्तीने जायचं तर पाडाच नेमका बसतो.

टंचाईआराखडा: व्युत्पत्तीने गेलं तर महसुली शब्द ‘मजरे’ आहे. मूळ गावाला जोडलेली उपवस्ती, अगदी हाच अर्थ.

शब्दमूळ: तो अरबीतून आला. मराठी अनुवादात अरबी शब्द कशाला? ‘लघुग्राम’ घ्या.

रानवाट: ‘मौजे’सुद्धा अरबीच. बुद्रुक आणि खुर्द फारसी. ते काढले तर निम्मे सातबारे कोरे होतील. लघुग्राम कुठल्या तोंडी आहे ते सांगा.

विदागारी: मुळात नावाचं शेपूट आणि वस्तीचा प्रकार यांची गल्लत होते आहे. सावंतवाडीला नगरपरिषद आहे, चंदगड तालुक्यातलं मजरे कार्वे आज स्वतंत्र गाव आहे. कुणी नावाच्या शेवटी ‘वाडी’ आहे एवढ्यावर सरसकट ‘हॅम्लेट’ लावलं की स्वतंत्र महसुली गावंही त्यात ओढली जातात. तपासायला ओव्हरपास टर्बोत, म्हणजे या नकाशातल्या नोंदी शोधायच्या साधनात, ‘प्लेस=हॅम्लेट’ मागवा, त्यातली ‘वाडी’ने संपणारी नावं वेगळी काढा आणि २०११च्या जनगणनेतल्या सहा अंकी गाव-कोडाशी ताडा. कोड सापडला तर ते महसुली गाव आहे, प्रकार हाताने बघूनच ठेवा. मात्र जनगणनेत पालघरची गावं ठाण्याखाली सापडतील. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. विकिडेटा या खुल्या नोंदसाठ्यावर पी१३१मध्ये, म्हणजे गाव कुठल्या प्रशासकीय भागात येतं त्या रकान्यात, ठाणे पुसू नका, समाप्ती-तारीख लावा आणि पालघर नवं विधान म्हणून घाला. असा विदा, म्हणजे डेटा, पुसला की जुन्या आकड्यांची गावं निराधार होतात.

शब्दमूळ: ‘असा विदा’? विदा स्त्रीलिंगी.

टंचाईआराखडा: पुल्लिंगीच वापरतात. ‘डेटा’ लिहिलं तर हा प्रश्नच उरत नाही.

शब्दमूळ: विद् धातूवरून इतका सुटसुटीत शब्द घडवला आहे, तो टाकायचा कशाला?

रानवाट: कारण हिंदी कानावर असलेल्याला ‘विदा’ म्हणजे निरोप. ‘माहिती’ म्हणा. २००५पासून माहिती अधिकार खेड्यापाड्यांत पोचला आहे.

विदागारी: माहिती आणि विदा एक नाहीत. ‘लोकसंख्या ४१२’ हा विदा. कुठल्या वस्तीची, कुठल्या साली, कुणी मोजली हे जोडलं की माहिती. विकिडेटावर लोकसंख्येच्या पी१०८२ रकान्याखाली आकडा टाकून पी५८५मध्ये साल भरलं नाही तर पाणीयोजनेचं गणित करणाऱ्याला तो निरुपयोगी आहे.

नकाशाकार: हॅम्लेटचं काय करू? हाच शब्द स्कॉटलंडमधल्या चार घरांनाही लागणार आहे.

विदागारी: आयडीच्या प्रीसेटमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या तयार नमुन्यात, नावाखाली ‘शोधशब्द’ अशी जागा असते. स्वल्पविराम देऊन पाडा, तांडा, टोला, वस्ती, मजरे सगळे तिथे भरा. कुणी ‘तांडा’ टंकलं तरी तोच टॅग पुढे येईल.

रानवाट: शोधायला तांडा आणि दिसायला वाडी, हे मला मान्य नाही. ‘वस्ती’ लिहा, कुणाचीच हरकत येणार नाही.

टंचाईआराखडा: वस्ती तर शहरातही असते. शिवाय डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. नवं नाव ‘नेम’ या टॅगमध्ये आलं की जुनं ‘ओल्ड_नेम’मध्ये ठेवायचं की काढूनच टाकायचं, ते आधी ठरवा.

रानवाट: काढूनच टाका. ते नाव तिथल्या माणसांनी ठेवलेलं नाही.

शब्दमूळ: आणि जुन्या दाखल्यावर तेच नाव असेल, तर ती वस्ती नकाशावर शोधायची कशी?