मदत हवी आहे: आरएम स्टार चालत नाही, ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’

जकार्ड_डिझाईन: चादरीच्या डिझाईनच्या जुन्या बीएमपी (चित्रांच्या) फायली उडवायच्या आहेत. आरएम (पुसण्याची आज्ञा) स्टार (कुठलंही नाव) डॉट बीएमपी दिलं की वरचा एरर. मग फायली शोधणारा फाइंड पाइपने एक्सआर्ग्स आरएमला जोडला (एक्सआर्ग्स सापडलेली नावं आरएमला देतो), तर कितीतरी नावांवर ‘नो सच फाइल’. संध्याकाळपर्यंत डिस्क मोकळी पाहिजे, लवकर सांगा.

सात_रस्ता: लिनक्स की मॅक? नावांत स्पेस आहे का? आत आणखी फोल्डर आहेत का?

जकार्ड_डिझाईन: उबुंटू. ६०,००० फायली. स्पेस असणारच की, ‘चादर मोर.बीएमपी’ अशी नावं आहेत.

होटगी_रोड: नावात स्पेस ठेवूच नये. अंडरस्कोर वापरा.

सात_रस्ता: दोष नावाचा नाही. युनिक्सला नावात स्लॅश आणि नल बाइट सोडून काहीही चालतं, नवी ओळसुद्धा. एक्सआर्ग्स मात्र स्पेस दिसली की तोडतो. ‘मोर.बीएमपी’ नावाची वेगळी फाइल चालू फोल्डरात असेल तर ती गुपचूप गेली.
पहिला एरर वेगळा. आरएमला स्टार दिसतच नाही, शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, स्टारच्या जागी आधी सगळी नावं मांडतो. स्टॅक (प्रोग्रॅमची कामाची मेमरी) ८ एमबी असेल तर एका आज्ञेला कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, मर्यादा साधारण २ एमबी, आणि यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून तुमची नावं त्यात मावत नाहीत.

भवानी_पेठ: झेडशेल (दुसरा शेल) टाका, सुटाल.

सात_रस्ता: झेडशेल व्हेरिएबलमधली स्पेस तोडत नाही, पण ही मर्यादा तिथेही तीच. फाइंडलाच काम द्या: मॅक्सडेप्थ १ (फक्त हाच फोल्डर), टाइप एफ (फक्त फायली), आयनेममध्ये (नावाची अट) पॅटर्न अवतरणात, शेवटी प्रिंट (नुसती यादी). यादी बरोबर दिसली तरच प्रिंटच्या जागी डिलीट. डिलीट आधी लिहिलं तर पॅटर्न बघण्याआधीच सगळं जातं.

अक्षरजुळणी: ऱ दोन तऱ्हांनी साठतो, एक कोड किंवा र आणि नुक्ता. ‘कोऱ्या’ शोधलं तर काही सुटतील.

होटगी_रोड: त्यांनी ते विचारलंय का?

जकार्ड_डिझाईन: मॅक्सडेप्थ कशाला? आत ‘मंजूर’ फोल्डर आहे, त्याला मी हातच लावला नाही.

सात_रस्ता: फाइंडने लावला, साहेब. मॅक्सडेप्थ नसेल तर तो आत उतरतो. ‘मंजूर’मधल्या बिनस्पेसच्या बीएमपी गेल्या असणार. बॅकअप आहे का?

जकार्ड_डिझाईन: नाही.

सात_रस्ता: मग डिलीट आता करू नका, त्या डिस्कवर काहीही लिहू नका. एसएसडी असेल तर उबुंटूचा आठवड्याचा एफएसट्रिम टायमर (पुसलेल्या फायलींची जागा एसएसडीला साफ करायला सांगतो) आत्ताच थांबवा. मशीन बंद करून लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या उबुंटूवरून) चालू करा, फोटोरेक (पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम) चालवा, निकाल दुसऱ्या डिस्कवर घ्या. बीएमपी मिळू शकतील, नावं मिळणार नाहीत. एसएसडी आहे की हार्ड डिस्क?