यंत्रमागावर कानात कापूस घातला तर चालतो का?

प्रश्न: धाकटा भाऊ इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करतो. हल्ली कानात शिट्टी वाजते म्हणतो, टीव्ही मोठ्याने लावतो. कापूस पुरेल का?

उत्तर १: ताई, कापसाने खटखट थांबत नाही. फोमचे इअरप्लग आणा. बोटांनी पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरायचा. नुसता टेकवला तर काही उपयोग नाही, आमच्या खात्यात निम्मे तसंच करतात! पाळीभर काढायचा नाही.

उत्तर २: आधी ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची तपासणी) करा. गेलेलं ऐकणं परत येत नाही, उरलेलं वाचतं. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, रिपोर्ट जपा.

प्रश्नकर्ती: ईएसआय (कामगार विमा) कार्ड आहे, सोमवारीच नेते.