लेकीसाठी पहिलं एअर पिस्तूल घ्यायचं आहे, नागपूरकरांनी सांगा

हार्डवेअरवाला, त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. पोरगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. पॅरिस ऑलिंपिकला मनू भाकरने दोन पदकं घेतली तेव्हापासून तिच्या डोक्यात नेमबाजीच बसली. दिवाळीनंतर एका क्लबात जाऊन राहिली. क्लबचं एकच पिस्तूल चार पोरांत फिरते. हिचा हात बसायला लागला की पुढच्याची पाळी येते. आता सर म्हणतात, स्वतःचं घेऊन टाका.

माझा धंदा नट-बोल्टचा, यातलं मला काही कळत नाही. एका दुकानात गेलो तर त्याने स्प्रिंगवालं पिस्तूल काढून पुढे ठेवलं, "शिकायला हेच चालते भाऊ." दुसरीकडे क्लबातला एक मोठा मुलगा त्याचं मोरिनी कंपनीचं पिस्तूल विकून राहिला. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं आहे, लाकडी मुठीवर एल लिहिलेलं आहे, नव्याच्या निम्म्याला देतो म्हणते. पोरगी त्याच्यावर भाळली आहे.

माझ्या आईला वेगळीच धास्ती. घरात बंदूक आणली तर पोलीस येतील, लायसन कुठून आणशील, असं रोज विचारते. तिला काय सांगू? जुनं घेऊ का नवं? आणि ट्रिगर इलेक्ट्रॉनिक पाहिजे का साधा? पैसे मी जमवतो, पण असे पैसे एकदाच जमतील, म्हणून नीट विचारून घेतो.

दहामीटर_ताई

दादा, आधी आजींची काळजी दूर करू. 4.5 मिलिमीटर म्हणजे .177 बोअरचं आणि 20 जूलच्या आत ऊर्जा असलेलं एअर पिस्तूल असेल तर शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. हिशेब मांडला तर पाच-सहा जूल भरतात. विकत घेताना ओळखपत्र द्यावं लागेल. पावती जपून ठेवा, तिची एक झेरॉक्स पिस्तुलाच्या पेटीतच राहू द्या. नाकाबंदीत कोणी पेटी उघडायला लावली तर ती कामी येते.

पण आजींच्या धास्तीत तथ्य आहे, तेही मुलीला सांगा. पाच-सहा जूल डोळा घालवायला पुरेसे आहेत, आणि लांबून पाहणाऱ्याला हे पिस्तूल खऱ्यासारखंच दिसतं. घरी पेटीला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. छर्रे वेगळ्या कपाटात. वाढदिवसाला हातात घेऊन फोटो नाही, रील नाही, मैत्रिणींना दाखवणं नाही. आणि पहिल्या दिवसापासून नळीत नारिंगी दोरी. स्पर्धेत ती सक्तीचीच असते. नळीच्या मागून घातलेली दोरी पुढून बाहेर दिसते, म्हणजे आत छर्रा नाही हे समोरच्याला न विचारता कळतं. माझ्याकडची मुलं पिस्तूल टेबलावर ठेवण्याआधी आपोआप दोरी घालतात. ती सवय लागेपर्यंत मी त्यांना छर्र्याची डबी देत नाही.

स्प्रिंगवालं अजिबात घेऊ नका. ट्रिगर दाबला की आतला दट्ट्या धाडकन पुढे जातो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्तूल हलतं. मुलगी त्या धक्क्याशी झगडायला शिकते, आणि पुढे धक्का नसलेलं पिस्तूल हातात आलं तरी मनगट आधीच आवळून धरते. ते सोडवायला मला महिने लागतात. शिवाय स्प्रिंगवालं रिकामं झाडलं तर आतून खराब होतं. या वयात तर अर्धा सराव रिकाम्या पिस्तुलानेच करायचा असतो, पांढऱ्या भिंतीसमोर, छर्रा न घालता. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या मॅच पिस्तुलात ट्रिगरचा कोरडा सराव करायची सोय असते.

आता मुठीबद्दल, आणि इथे जरा सविस्तर लिहिते, कारण मुलांचे आईवडील कंपनी विचारतात आणि मुठीबद्दल कोणीच विचारत नाही. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ, यातलं कुठलंही घ्या, नळी तिच्या हातापेक्षा कितीतरी चांगली असणार आहे. पुढची काही वर्षं गुण जातील ते तिच्या हातामुळे जातील, नळीमुळे नाही. हात आणि पिस्तूल जिथे भेटतात ती जागा म्हणजे मूठ. तेरा वर्षांच्या मुलीला एल म्हणजे बापाची चप्पल घालून पळायला लावणं. एस लागेल, कदाचित त्याहून लहान.

मूठ बसते का हे असं पाहा. पिस्तूल रिकामं, दोरी आत, तोंड सुरक्षित दिशेला. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली बेचकी मुठीच्या मागच्या खोबणीत वरपर्यंत जायला हवी, मध्ये फट नको. तर्जनी लाकडाला न घासता मोकळी ट्रिगरपर्यंत पोचली पाहिजे आणि पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सरळ टेकला पाहिजे. टोक कसंबसं पोचत असेल तर ती दरवेळी पिस्तूल बाजूला ओढणार. खाली तळहाताला आधार देणारी फळी असते, ती स्क्रूने वर-खाली होते. ती हाताला टेकेल इतकीच चढवा, चिमटा बसेल इतकी नको. मग तिला डोळे मिटून हात उचलायला सांगा, दोन श्वास थांबायला सांगा, आणि डोळे उघडायला सांगा. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मागच्या खाचेत जवळपास मधोमध दिसली तर मूठ तिची आहे. दरवेळी एकाच बाजूला दिसली तर मूठ तिची नाही, किंवा ती घडवून घ्यावी लागेल. लाकडाची लांबी (पुटी) लावून आणि कानशीने घासून मूठ घडवता येते, आम्ही सगळे करतो. मात्र नियम पाहून करा. मूठ मनगटाला वेढता कामा नये, आणि अख्खं पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या डब्यात बसलं पाहिजे. स्पर्धेआधी खरोखर असा डबा घेऊन तपासतात.

मुलगी वाढणार, हातही वाढणार. तेव्हा पिस्तूल बदलायची गरज नाही, फक्त मूठ वेगळी मिळते. तुम्ही म्हणता पैसे एकदाच जमतील, तर मग ज्याच्या मुठी सगळ्या मापांत सहज मिळतात असं पिस्तूल घ्या.

वजन. नियमाने 1500 ग्रॅमपर्यंत चालतं, बहुतेक मॅच पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. एका हातात, खांद्याच्या उंचीवर, 75 मिनिटांत 60 गोळ्या. 2018 पासून मुलींनाही मुलांइतक्याच 60, आधी 40 असायच्या. तेरा वर्षांच्या खांद्याला हे जड आहे. आखूड, हलकी मॉडेलं मिळतात. ती मिळाली तर आधी ती पाहा. सरांना सांगून निदान एक पूर्ण सत्र त्याच वजनाच्या पिस्तुलाने करू द्या. दहा गोळ्यांत काही कळत नाही, चाळिसाव्या गोळीला कोपर कुठे येतो ते पाहा.

ट्रिगर साधा घ्या, हे माझं मत. इलेक्ट्रॉनिकची ओढ कुरकुरीत असते, मोठे खेळाडू वापरतात, वाईट मुळीच नाही. पण यांत्रिक ट्रिगरमध्ये पहिला टप्पा, मग अडकाव, मग सुटणं, हे बोटाला वेगवेगळं शिकवता येतं, आणि बिघडलं तर आपल्याकडचा जाणकार माणूस उघडून पाहू शकतो. टोकियोला पात्रता फेरीत मनूचं पिस्तूल बिघडलं, बरीच मिनिटं दुरुस्तीत गेली आणि 575 गुणांवर ती बाराव्या जागी राहिली. पॅरिसला 580 करून अंतिम फेरीत गेली आणि कांस्य आणलं. इतक्या वरच्या पातळीवर, सगळी मदत हाताशी असताना बिघाड इतका महागात पडतो, तर नागपुरात सुटा भाग यायला किती वेळ लागेल हे आधीच विचारून ठेवा. ट्रिगर कुठलाही असो, ओढ 500 ग्रॅमच्या खाली गेलेली चालत नाही. वजन लटकवून पिस्तूल उभं उचलतात, तेवढ्यात सुटलं तर नियमात बसत नाही. जुनं घेत असाल तर हे वजन लावून पाहाच.

एक राहिलं. तिचा प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना आपोआप पुढाकार घेणारा डोळा, कोणता ते सरांनी पाहिलं आहे ना? उजवा हात आणि डावा डोळा असेल तर मूठ घ्यायच्या आधी बोला.

मनीषनगरची_आई

ताईंनी लिहिलं त्यात दोन घरगुती गोष्टी घालते. माझा मुलगा याच वयात सुरू झाला.

उन्हाळ्यात पिस्तूल कूलरच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडे मार्चपासून डेझर्ट कूलर सुरू होतो, खोलीतलं सगळं दमट होतं. मुठीचं लाकूड फुगतं आणि लोखंडी भागाला गंज धरतो. आतल्या खोलीतलं कोरडं कपाट बघा. आणि मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर भरलेला ठेवून सीताबर्डीला खरेदीला जाऊ नका. बाहेर 45 असताना डिक्कीत काय होतं ते सांगायला नको, आणि त्या सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत हवा असते.

दुसरं, छर्रे शिशाचे असतात. रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय तर्री पोह्याला हात लावू द्यायचा नाही. आमच्याकडे हा नियम आजही आहे.

अंबाझरी_निवृत्त

आयुष्य आयुध निर्माणीत गेलं, म्हणून कायद्यापुरतं सांगतो. हार्डवेअरवाले भाऊ, एअर पिस्तूल मोकळं आहे म्हणून पुढचंही मोकळं समजू नका. मुलगी 25 मीटर स्पोर्ट पिस्तुलाकडे गेली तर तिथे .22 बोअरचं, काडतुसाचं पिस्तूल आहे, आणि त्याला शस्त्र कायदा 1959 लागतो. परवान्याचं सामान्य वय 21 आहे. त्याआधी खेळाडूला सरावासाठी वेगळी तरतूद आहे, पण ती देखरेखीखाली. नागपूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात होतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्या वाटेला जायची घाई करू नका. राही सरनोबत आपल्या कोल्हापूरची, 25 मीटरची खेळाडू. त्या प्रकाराचं आकर्षण मुलींना फार असतं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

हार्डवेअरवाला, त्रिमूर्तीनगर

ताई, वहिनी, काका, मनापासून आभार. आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं. तिने कुलपाची किल्ली स्वतःकडे मागितली, दिली.

काल ते मोरिनी पाहून आलो. ताईंनी सांगितलं तसंच केलं. बेचकी मागे टेकतच नव्हती, मधून माझी करंगळी गेली. बोटाचं टोक तेवढं ट्रिगरला लागत होतं. डोळे मिटून तीनदा उचलायला लावलं, तिन्ही वेळा माशी उजवीकडे. पोरगीच म्हणाली, "बाबा, हे माझ्या हातचं नाही." ज्याचं आहे तो म्हणते मूठ बदलून एस लावून घ्या, पिस्तूल अजून दहा वर्षं चालते. सिलिंडरवर बारीक अक्षरं कोरलेली आहेत, त्यात 2014 दिसते. त्याचा काही अर्थ आहे काय?

दहामीटर_ताई

अर्थ आहे दादा, आणि बरं झालं तुम्ही पाहिलं. सिलिंडरला वापराची मुदत असते, या पिस्तुलांच्या सिलिंडरची साधारण दहा वर्षं. 2014 ही बनावटीची तारीख असेल तर मुदत संपली. स्पर्धेच्या नियमात मुदत पाहण्याची जबाबदारी नेमबाजावर टाकली आहे, त्यामुळे तपासणीत असा सिलिंडर अडू शकतो. मला त्याहून जास्त काळजी तिच्या चेहऱ्याची आहे. ती तो सिलिंडर चेहऱ्याजवळ धरून रोज भरणार, झाडणार. असा सिलिंडर भरून पाहायलाही नको.

म्हणून सौद्यात तीन खर्च धरा: एस मूठ, नवा सिलिंडर आणि सील बदलण्याची मजुरी. विकणाऱ्याला सरळ सांगा, जुना सिलिंडर हिशेबात धरत नाही. हे सगळं मिळवून आकडा नव्या आखूड मॉडेलच्या जवळ जात असेल तर नवं घ्या, साध्या ट्रिगरचं, लहान मुठीचं. बराच खाली राहत असेल तर हेही घेता येईल. तेव्हा बॅटरीचा कप्पा उघडून गंज आहे का पाहा, आणि सरांसमोर आधारावर ठेवून दहा छर्रे एकाच कागदावर मारून घ्या. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं. चांगल्या नळीने दहाही छर्र्यांचं एकच भोक त्याच्या आत पडायला हवं. छर्रे चपट्या तोंडाचे, मॅचचे वापरा, नाहीतर नळीला उगाच दोष लागेल.

येत्या रविवारी सकाळी आमच्याकडे मुलांचा सराव असतो. व्यक्तिगत निरोप पाठवा, पत्ता देते. मुलीला घेऊन या. माझ्याकडे एस मुठीची दोन वेगळी पिस्तुलं आहेत, दोन्ही तिच्या हातात देऊन पाहू. तोपर्यंत त्या मुलाला बयाणा देऊ नका.