मदत हवी आहे - ११ वर्षांच्या मुलाचा बीपी जास्त आलाय

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. शाळेच्या तपासणीत पोराचा बीपी १२८/८४ आला, आधी वाटलं मशीनच बिघडलं असेल, पण परवा डॉक्टरांकडे परत १२६/८२. ते म्हणाले की लहान मुलांचं वय, उंची आणि मुलगा की मुलगी बघून तक्त्यावरून ठरवतात, आणि वेगवेगळ्या दिवशी तीनदा जास्त आला तरच बीपी म्हणायचं. मोठ्यांचा पट्टा लावू नका हेही सांगितलं, आकार चुकला की आकडाच चुकतो.

मग रात्री गुगल करत बसले (चूक केली!). फिनलंडमध्ये १९८० पासून मुलांना मोठं होईपर्यंत तपासत आलेत, त्यात लहानपणी बीपी जास्त असलेल्यांच्या मानेच्या रक्तवाहिन्या मोठेपणी जाड झालेल्या दिसल्या. पण मोठेपणी ज्यांचा बीपी नॉर्मल झाला त्यांना तो धोका कमी होता, हे वाचून जरा जिवात जीव आला. आमच्या सासऱ्यांना पॅरालिसिस झालेला बीपीमुळंच, म्हणून जास्त धास्ती वाटते ओ.

आता विचारायचं म्हणजे सांगली-मिरजेत लहान मुलांच्या किडनीचे डॉक्टर कुणाला माहितीयत का, कारण या वयात किडनी पण बघावी लागते म्हणे. मुलांच्या मापाचा पट्टा कुठं मिळेल? आणि भडंग, लोणचं, पापड कसं बंद केलंत तेवढं सांगा, आजी गुपचूप देतात त्याला!