ब्रायसिसला आवाज दिला, की तिच्या तोंडी आपलाच आवाज घातला?

उंबरठा

ग्रीक पुराणकथा बाईच्या बाजूने सांगणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांची सध्या रांग लागली आहे. मार्गारेट ॲटवुडची पेनेलपी (होमरच्या ओडिसी महाकाव्यातल्या ओडिसियसची बायको) 2005 मध्येच आली होती, पण लाट उसळली ती 2018 पासून. मॅडलिन मिलरची सर्सी आणि पॅट बार्करची ब्रायसिस (ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांच्या हाती लागलेली बंदिनी) त्याच वर्षीच्या, मग जेनिफर सेंटची अरिआड्नी, नॅटली हेन्सची मेडुसा. यातल्या बऱ्याच वाचल्या, काही मनापासून आवडल्या. तरी माझं म्हणणं आहे की या लाटेने बायकांना आवाज देता देता त्यांचा धाक काढून घेतला.

क्लायटेमनेस्ट्रा घ्या. एस्किलस या ग्रीक नाटककाराच्या नाटकात (इ.स.पू. 458) ती ट्रॉयच्या युद्धावरून परतलेल्या नवऱ्याला, राजा अ‍ॅगमेम्नॉनला, न्हाताना वस्त्रात गुरफटते आणि वार करते. दोन वारांत तो कोसळतो, पडल्यावर ती तिसरा घालते. मग प्रेताशेजारी उभी राहून नगरातल्या म्हाताऱ्यांना सांगते की त्याचं रक्त माझ्या अंगावर उडालं तेव्हा पेरलेलं शेत पावसाने सुखावावं तशी मी सुखावले. मला समजून घ्या, असं ती एकदाही म्हणत नाही. नव्या कादंबरीतली नायिका मात्र आधी भरपूर सोसते, आणि वाचक पुरता तिच्या बाजूला आला की मगच हत्यार उचलते. बाईला माफी मिळावी म्हणून तिला आधी निरपराध करून ठेवायचं, यात मला स्त्रीवाद दिसत नाही.

जुनी वही

पूर्ण असहमत. क्लायटेमनेस्ट्राने काय काय सोसलं, हे या लेखिकांनी पदरचं घातलेलं नाही. युरिपिडीसच्या नाटकात, आउलिस बंदरात त्यांच्या मुलीचा, इफिजिनियाचा, बळी द्यायचं ठरतं तेव्हा, ती अ‍ॅगमेम्नॉनला तोंडावर सुनावते: माझा पहिला नवरा टँटलस, त्याला तू मारलंस, अंगावर पिणारं पोर छातीपासून ओढून जमिनीवर आपटलंस, आणि मला बळजबरीने बायको केलंस. ही इ.स.पू. पाचव्या शतकातली गोष्ट. म्हणजे एकाच कथेची निर्ढावलेली राणी आणि पोळलेली आई ही दोन्ही रूपं अथेन्सच्या रंगभूमीवर पन्नासेक वर्षांच्या आत येऊन गेली. तुम्ही एस्किलसची बाई खरी धरता आणि युरिपिडीसची सोयीची. का?

आणि आवाजाचंच म्हणाल तर हिशोब करा. होमरच्या इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याच्या पंधरा हजारांहून जास्त ओळी आहेत. ग्रीक योद्धा अकिलीस आणि अ‍ॅगमेम्नॉन यांच्यातलं अख्खं भांडण ब्रायसिसवरून पेटतं. तिला बोलायला मिळतात त्या एकोणिसाव्या सर्गातल्या 14 ओळी.

उंबरठा

@जुनी वही, त्या 14 ओळींसाठीच तर मी भांडते आहे. अकिलीसच्या जिवलग मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या प्रेतावर पडून ती रडते. नवरा गावाच्या वेशीपुढे मारला गेलेला तिने पाहिला, तीन सख्खे भाऊ त्याच दिवशी गेले. आणि तेव्हा पॅट्रोक्लस काय म्हणाला होता? रडू नकोस, अकिलीसशी तुझं रीतसर लग्न लावून देईन. ज्याने नवऱ्याला मारलं त्याची लग्नाची बायको होणं, हीच या बाईपुढची सगळ्यात बरी वाट. ती वाट दाखवणारा मेला म्हणून ती रडते. पुढे होमर सांगतो की भोवतालच्या बायकाही रडल्या, वरवर पॅट्रोक्लससाठी, पण जी ती आपल्याच दुःखासाठी.

इतकं कमी बोलून इतकं उघडं केलेलं मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय. बार्करच्या कादंबरीचं नाव मुलींच्या मौनाबद्दल आहे, पण मधली बरीच प्रकरणं अकिलीसच्या नजरेतून जातात आणि सैनिक आजच्या इंग्लंडमधल्या भाषेत बोलतात. ब्रायसिसपेक्षा तिथे मला लेखिकाच जास्त ऐकू आली.

खारं पाणी

धागा आवडला. मी मेडुसाबद्दल बोलतो, कारण तिच्या बाबतीत 'मूळ कथा' कशाला म्हणायचं हाच घोळ आहे. समुद्रदेव पॉसायडनने अथीना देवीच्या देवळात तिच्यावर बलात्कार केला आणि अथीनेने उलट तिच्याच केसांचे साप केले, ही गोष्ट आज सगळीकडे फिरते. ती ओव्हिडची, म्हणजे रोमन, पहिल्या शतकातली. त्याच्या सुमारे सातशे वर्षं आधी हेसिअड या ग्रीक कवीने एवढंच सांगितलंय की पॉसायडन तिच्यापाशी मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांत निजला. तिथे देऊळ नाही, शाप नाही, आणि ती मुळातच तीन गॉर्गन राक्षसी बहिणींपैकी एक, त्यातली एकटी मर्त्य. स्त्रीवादी मेडुसाचा पाया रोमन पुरुषाच्या कवितेत आहे. मला हे वावगं वाटत नाही. पुराणकथा अशाच वाढतात. फक्त 'पुरुषांनी दडपलेली मूळ गोष्ट आम्ही बाहेर काढली' असा दावा कुणी करू नये.

न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर 2020 मध्ये लुचियानो गारबातीचा पुतळा बसवला होता. त्यात, कथेत तिचं डोकं उडवणाऱ्या पर्सियसचंच मुंडकं मेडुसाच्या हातात. फ्लॉरेन्सच्या चौकातल्या चेलिनीच्या पुतळ्याचं हे सरळ उलटं. लोकांना तो भिडला. मला मात्र वाटलं, तलवार या हातातून त्या हातात गेली, गोष्ट आहे तिथेच आहे.

जुनी वही

@खारं पाणी, दाव्याबद्दल सहमत. पुतळ्याबद्दल नाही. न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला तो पुतळा काय वाटला असेल, याचाही विचार करा.

@उंबरठा, तुम्ही राण्यांबद्दलच बोलताय. ओडिसीच्या बाविसाव्या सर्गात या. पेनेलपीसाठी ठाण मांडून बसलेले पुरुष मारून झाल्यावर ओडिसियस म्हाताऱ्या दाई युरिक्लियाला विचारतो, घरातल्या कोणकोणत्या दासी त्यांच्यासोबत निजल्या? ती सांगते, पन्नासांपैकी बारा. त्या बाराजणींना आधी प्रेतं उचलायला लावतात, मग स्पंजांनी टेबलं-खुर्च्यांवरचं रक्त पुसायला लावतात. ओडिसियसने तलवारीने मारायला सांगितलं होतं. त्याचा मुलगा टेलेमॅकस म्हणतो, यांना असं स्वच्छ मरण नको, आणि जहाजाचा दोर बांधून सगळ्यांना ओळीने लटकवतो. होमर त्यांना जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा देतो आणि म्हणतो, पाय थोडे तडफडले, फार वेळ नाही. त्या बाराजणींचा एकही शब्द तिथे नाही. त्या स्वखुशीने गेल्या होत्या की दासी असल्यामुळे नाही म्हणता आलं नाही, हे त्यांना कुणी विचारतही नाही.

14 ओळींचा संयम मला मान्य आहे. पण इथे शून्य ओळी आहेत. शून्यात संयम कसा वाचायचा? ॲटवुडने नेमका हाच प्रसंग धरला, आणि पेनेलपीला निरपराधही ठेवलं नाही. तिच्या कादंबरीत दासींना त्या पुरुषांत मिसळून बातम्या काढायला पेनेलपीच सांगते, आणि दोर आवळले जातात तेव्हा ती झोपलेली असते. तुमचा मुख्य आक्षेप इथे लागूच होत नाही.

शाईचा डाग

उंबरठा यांच्या बाजूने एक मुद्दा, आपल्याकडचा. इरावती कर्वे यांनी महाभारताकडे पाहिलं तेव्हा द्रौपदीची वकिली केली नाही. भर सभेत धर्माचा आणि हक्काचा पेच घालणं ही तिची चूक होती, असं त्यांनी लिहिलं. मला ते मुळीच पटत नाही, पण द्रौपदी त्यामुळे लहान झाली नाही. तिच्याशी कुणीतरी बरोबरीने वाद घातला. ग्रीक नायिकांच्या वाट्याला अशी वाद घालणारी लेखिका मला अजून दिसलेली नाही.

पण जात्यावरच्या ओव्याही आहेत, आणि त्या जुनी वही यांच्या बाजूने जातात. राम सीतेच्या तोलाचा नाही, असं आपल्या आज्या-पणज्या दळताना सरळ म्हणून गेल्या. त्यांना तोल सांभाळायची गरज वाटली नाही.

उंबरठा

दासींबद्दल जुनी वही यांचं म्हणणं मला लागलं, आणि ॲटवुड या लाटेत मोजायला नको हेही खरं. पण ग्रीक कथेतल्या, नवऱ्याने टाकलेल्या मीडियाकडे पाहा. काही जुन्या कथांत तिची मुलं कॉरिंथचे लोक मारतात. ख्रिस्टा वुल्फने 1996 च्या कादंबरीत तेच घेतलं आणि मीडिया निर्दोष झाली. युरिपिडीसची मीडिया (इ.स.पू. 431) स्वतःच्या हाताने मुलं मारते. तीच मीडिया आधी म्हणते की एक बाळंतपण करण्यापेक्षा मी तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन. ते वाक्य पटतं आणि ती बाई भयंकर आहे, दोन्ही एकदम सोसावं लागतं. वुल्फची मीडिया वाचताना मला काहीच सोसावं लागलं नाही.

जुनी वही

सोसण्याची अट मीडियाला लावा, क्लायटेमनेस्ट्राला लावा. त्यांच्या हातात सुरी होती, सूड होता, मीडियाला तर पळून जायला सूर्याचा रथही होता. बाराजणींच्या हातात रक्त पुसायचे स्पंज होते. त्यांच्यावर अजून दहा कादंबऱ्या आल्या आणि त्यातल्या आठ कच्च्या निघाल्या, तरी मी उरलेल्या दोनसाठी सगळ्या वाचेन.