मदत हवी आहे : बजरीची मादी अंडी घालायची थांबेचना, काल १४वं झालं

नमस्कार मंडळी. परभणीहून लिहितेय. घरी बजरीची, म्हणजे त्या छोट्या पोपटांची, एक जोडी आहे (इकडं सगळे लव्हबर्डच म्हणतात). मृगाचा पाऊस पडला त्याच आठवड्यात मादीनं पहिलं अंडं घातलं, मग दिवसाआड एकेक. पिल्लं नको होती, म्हणून दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे अंडं दिसलं की काढत गेले. मी काढायचं, तिनं घालायचं, असं चार आठवडे चाललंय. कालचं अंडं उचललं तर बोटाखाली दबलं. कवचच नाही, नुसता पापुद्रा.

पिंजऱ्यात घरट्यासाठी मडकं आहे, मीच टांगलेलं. खायला राळा आणि बाजरी. पिंजरा हॉलमध्ये, आणि लेक नीटची तयारी करायलाय, त्यामुळं ट्यूब रात्री साडेअकरापर्यंत चालू. आई पहिल्या दिवसापासून म्हणायली, "अंडी उचलू नको गं तिची." मीच ऐकलं नाही. नराला वेगळं केलं तर थांबेल का?

प्रतिसाद, लातूर

ताई, नर काढून भागणार नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय घालते, तशीच हीपण घालते. आईचं बरोबर होतं. बजरी एका खेपेला ४ ते ६ अंडी घालते आणि उबवायला बसते. तुम्ही उचलत गेलात, तिची खेप भरलीच नाही, मग ती घालतच राहिली.

आता येईल ते अंडं उकळून, पूर्ण गार करून परत ठेवा, म्हणजे पिल्लू होणार नाही. प्लॅस्टिकची खोटी अंडीही चालतात. १८ दिवसांत पिल्लू निघायला हवं. नाही निघालं की काही दिवसांनी ती स्वतःच कंटाळून उठते. तेव्हा अंडी आणि मडकं दोन्ही काढा. झोपायला मडकं लागतच नाही, ती काडीवर झोपते.

दुसरं, ती ट्यूब. मूळची ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातली ही पाखरं. पाऊस आला, दाणा मुबलक झाला की वीण. त्यात तुम्ही दिवस लांबवलात. संध्याकाळी सातला पिंजरा अंधाऱ्या खोलीत न्या, १२ तास तरी अंधार मिळू द्या. कवचासाठी समुद्रफेस (माकूळचं कॅल्शियमवालं हाड) टांगा आणि सकाळचं कोवळं ऊन द्या, पण काचेतून आलेलं नको.

प्रतिसाद, अंबाजोगाई

वरचं सगळं बरोबर, पण मऊ अंडं आलंय म्हणजे आधी डॉक्टर. कॅल्शियम संपलं की पुढचं अंडं पोटात अडकू शकतं. मादी फुगून पिंजऱ्याच्या तळाला बसली, जोर करायली, शेपूट खालीवर हलायली, तर सकाळची वाट बघू नका. माझी शनिवारी रात्री अशी बसली होती, मी सोमवारवर ढकललं. रविवारी दुपारी गेली. पोट दाबायचं नाही, ऊब द्यायची आणि निघायचं. तुमच्या तर गावातच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मूळ धागालेखिका

दाखवून आणलं. थेंब दिलेत कॅल्शियमचे. लेकाचा अभ्यास आतल्या खोलीत हलवला, तो जरा कुरकुरला. आज पंधरावं आलं, कवच पातळच, पण आहे. उकळायला घेतलं तर आई दारातून बघायली. "परत ठेवणारंय," म्हटलं, तेव्हा गेली.